समजलं ना?

शिक्षकाच्या तोंडीं बसलेला एक प्रश्न आहे. धडा संपला, फळा पुसला, हातावरची खडूची धूळ झटकली, कीं तो आपोआप बाहेर पडतो : "समजलं ना?" त्याचें उत्तरही तितकेंच ठरलेलें असतें. चाळीस-पन्नास कंठांतून एकच नाद उठतो, "हो, गुरुजी!" आम्हीं ३४ वर्षें खानदेशांतील शाळांतून हा प्रश्न विचारला व ३४ वर्षें हेंच उत्तर ऐकिलें. त्या उत्तरावर आमची पूर्ण श्रद्धा होती. ती श्रद्धा साठी उलटल्यावर, घरांतल्याच माणसांकडून, आणि तीही एका अगदीं आधुनिक विद्येच्या निमित्तानें, कशी ढळली तें आज वाचकांस सांगावें असें मनांत आहे.

आमचें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे हल्लींच्या दहावीपर्यंत, झालें. पुढें अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून आम्ही शिक्षक झालों. आणि संस्कृताची जी कांहीं गोडी लागली ती धुळ्यास आजोळीं, एका शास्त्रीबुवांच्या ओसरीवर. निवृत्तीनंतर जळगांवच्या आमच्या जुन्या घरांत आम्ही, धाकटे बंधू, दोघांचीं कुटुंबें, मुलगा, सून, पुतण्या व नातवंडें असा परिवार आहे. रोज अकरा पानें मांडलीं जातात. या पानांचा पुढें संबंध येणार आहे, म्हणून तीं आतांच मोजून ठेविलीं.

पुतण्या संगणकशास्त्राचा पदवीधर आहे. दिवसा नोकरी करतो, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर माडीवरच्या खोलींत दार लावून मराठींतून धडे बोलतो. ते धडे चित्रफितीच्या रूपानें यूट्यूबवर ठेविले जातात. विषय हा, कीं संकेतस्थळ, म्हणजे ज्यास सर्वत्र वेबसाइट म्हणतात तें, आपल्या हातानें कसें रचावें. आपल्या भागांतील ज्या मुलामुलींस इंग्रजींतून शिकणें जड जातें त्यांस ही विद्या मराठींत मिळावी, हा त्याचा हेतु. त्यासाठीं तो कोणाकडून एक पैसाही घेत नाहीं. आम्हांस त्याचें फार कौतुक वाटे.

या विद्येचा पहिला पाठ म्हणजे एचटीएमएल. नांव ऐकून वाचकांनीं बिचकूं नये. ही केवळ खुणांची भाषा आहे. मजकुराच्या आधीं कोनी कंसांत एक खूण लिहावयाची, आणि मजकूर संपल्यावर तीच खूण एका तिरक्या रेघेसह पुन्हां लिहावयाची. म्हणजे यंत्रास कळतें कीं मथळा येथें सुरू झाला व येथें संपला, परिच्छेद येथून येथवर. टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनीं सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंत ही रचना सिद्ध केली, १९९१ सालीं ती जगापुढें आली, आणि १९९३ च्या एप्रिल महिन्यांत सर्ननें ती सर्वांस विनामूल्य खुली करून दिली. व्याकरण शिकलेल्यांस तर ही कल्पना मुळींच परकी वाटूं नये. पाणिनीच्या शास्त्रांत 'इत्' म्हणून कांहीं वर्ण असतात. ते शब्दास चिकटून काय कार्य करावयाचें तें सांगतात, आणि कार्य झालें कीं स्वतः लोप पावतात. एचटीएमएलच्या खुणाही तशाच. पडद्यावर मजकूर दिसतो, खुणा दिसत नाहींत. त्यांचें कार्य तेवढें दिसतें. हें साम्य सुचतांच आम्हांस असें वाटलें कीं ही विद्या आपणांस पूर्वींपासूनच येत होती. वार्धक्यांत असले भ्रम फार लवकर होतात.

एके रात्रीं पुतण्या माडीवरून खालीं आला तो चेहरा उतरलेला. म्हणाला, "तात्या, काय चुकतंय कळत नाहीं. धड्याखालीं लोक लिहितात, 'खूप छान, सर', 'फार सोपं करून सांगतां'. आणि हें पहा." त्यानें एक आलेख दाखविला. धडा चालू असतांना कोणत्या क्षणाला किती प्रेक्षक टिकून आहेत, हें त्या रेघेवरून समजतें. चौथ्या धड्याची रेघ तिसऱ्या मिनिटापर्यंत बरी चालली होती, आणि तेथून विहिरींत दगड पडावा तशी खालीं गेली होती. निम्म्याहून अधिक मंडळी उठून गेलीं होतीं. "छान म्हणतात आणि निघून जातात," तो म्हणाला.

आम्ही सांत्वनाचे दोन शब्द बोलणार, तोंच आमच्या घरांतून, म्हणजे त्याची काकू, जी आंत उष्टीं काढीत होती, ती म्हणाली, "अरे, पंगतींत विचारलं तर सगळे छानच म्हणतात. मी कधीं विचारीतच नाहीं. पानांत काय उरलं तें पहातें."

आम्ही स्तब्ध झालों. गेल्या थंडींत एका रविवारीं वांग्याच्या भरितांत मीठ दोनदां पडलें होतें. जळगांवचें भरीत तें. त्यास नांव कोण ठेवणार? अकरांपैकीं एकानेंही चकार शब्द काढला नाहीं. आम्हीं तर सवयीनें "उत्तम झालंय" असेंही म्हटलें. परंतु अकरा पानांत अकरा ठिकाणीं भरिताचा गोळा कडेस सारलेला होता, आणि ती साक्ष तिनें न विचारतां वाचली होती. पुतण्याचा आलेख म्हणजे दुसरें काय? तीं उष्टीं पानेंच होतीं. आमच्या घरांत जी गोष्ट स्वयंपाकघरास रोज ठाऊक होती ती शाळामास्तरास ३४ वर्षांत ठाऊक झाली नव्हती.

परंतु उष्ट्या पानावरून घास कोठें राहिला तें कळतें. कां राहिला तें कळत नाहीं. मीठ अधिक झालें, कीं तिखट, कीं जेवणाराचें पोटच भरलें होतें? तिसऱ्या मिनिटास उठून गेलेला माणूस काम झालें म्हणून समाधानानें उठला, कीं घास घशांत अडकला म्हणून उठला, हें ती रेघ सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं जेवणाराजवळ बसावेंच लागतें. पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्हीच बसा. तुम्हांला यांतलं कांहीं येत नाहीं." यापेक्षां अधिक योग्य शब्दांत आमची पात्रता आजवर कोणीं वर्णिली नव्हती.

ठरलें तें असें. आम्ही संगणकापुढें बसावयाचें, त्याचा पहिला धडा लावावयाचा, आणि तो सांगेल तसें करीत जावयाचें. मनांत जें येईल तें मोठ्यानें बोलावयाचें, मग तें कितीही वेडगळ असो. पुतण्यानें मागें बसून फक्त टिपून घ्यावयाचें. मदत करावयाची नाहीं, हुंकारही द्यावयाचा नाहीं. ही पद्धति त्या धंद्यांत चांगली रुळलेली आहे असें त्यानें सांगितलें.

धडा सुरू झाला. पुतण्याचा आवाज म्हणाला, "आतां कोनी कंस, मग पी, मग कोनी कंस बंद." आम्हीं त्या त्या कळा दाबल्या. पडद्यावर उमटलें : "षज।"

आम्ही पहात राहिलों. मोठ्यानें बोलावयाचें ठरलें होतें, म्हणून म्हणालों, "हा 'षज' कोणता शब्द? षड्ज असावा, पण मग मधला ड् कोठें गेला? शेवटीं दंड आहे, तें मात्र बरोबर. वाक्य पुरें झालें." मागें पुतण्यानें तोंडांत रुमाल घातला असावा. झालें होतें इतकेंच, कीं आम्ही पत्रें मराठींत लिहितों म्हणून आमचा कळफलक मराठीवर ठेविलेला होता. भारत सरकारनें ठरविलेली इनस्क्रिप्ट नांवाची जी मांडणी आहे तींत कोनी कंसाच्या कळीवर 'ष' आहे, 'पी'च्या कळीवर 'ज' आहे, आणि दुसऱ्या कंसाच्या जागीं दंड आहे. कळफलक आधीं इंग्रजीवर आणावा, हें वाक्य त्या धड्यांत नव्हतें. पुतण्याचा कळफलक सदैव इंग्रजीवरच असल्यामुळें तें वाक्य त्यास सुचण्याचें कारणच नव्हतें. मराठी माणसांसाठीं मराठींत केलेल्या धड्यांत नेमकें मराठी लिहिणाराच अडखळावा, अशी ती गंमत होती.

पुढें धडा म्हणाला, "आतां ही फाइल सेव्ह करा." आम्हीं केली. नांव दिलें, परंतु नांवापुढें टिंब देऊन एचटीएमएल असें शेपूट लावावें लागतें, तें पुतण्यानें क्षणार्धांत लावलें होतें व तोंडानें बोलला नव्हता. त्यामुळें आमची फाइल साध्या मजकुराची म्हणून जपली गेली. ती उघडतांच पान दिसण्याऐवजीं आम्हीं लिहिलेल्या साऱ्या खुणाच पुन्हां समोर आल्या. पाणिनीचे इत् वर्ण लोप पावावयास तयार नव्हते.

याच वेळीं ती गोष्ट घडली जी आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. समोर सर्व बिघडलेलें आहे, काय बिघडलें तें कळत नाहीं, घाम आला आहे, आणि त्या यंत्रांतून पुतण्याचा प्रसन्न आवाज विचारता झाला, "समजलं ना?"

आम्हीं उत्तर दिलें, "हो."

खोलींत विचारणारा कोणी नव्हता; ती मुद्रित केलेली वाणी होती. आम्हांस भीति कोणाची होती? छडी कोणाच्या हातांत होती? तरीही साठी उलटलेल्या आमच्या तोंडून, कांहींएक समजलें नसतांना, "हो" हाच शब्द निघाला. आणि तो प्रश्न तरी कोणाचा होता? हा मुलगा पांचवी ते सातवी आमच्याच वर्गांत होता. ते शब्द आमचे होते, तो हेल आमचा होता, प्रश्नानंतर उत्तराची वाट न पहातां पुढें जाण्याची घाईसुद्धां आमचीच होती. आम्हींच पेरलेलें आमच्यापुढें उगवून आलें होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. कित्येक वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आठवला. पहिल्या बांकावर बसे, वही स्वच्छ, आणि "हो, गुरुजी" म्हणण्यांत सर्वांत मोठा आवाज त्याचा. सातवींत तो गणितांत नापास झाला व त्यानें शाळा सोडली. आम्हीं त्याच्या वडिलांस सांगितलें कीं मुलाचें लक्ष नाहीं. पुढें एकदां सावद्याकडे केळीच्या गाड्या भरल्या जातात तेथें तो भेटला. वांकून नमस्कार केला, चहा पाजला, आणि हंसत हंसत म्हणाला, "गुरुजी, मला भागाकार कधींच आला नाहीं बघा. तुम्ही विचारायचे तेव्हां सगळे हो म्हणायचे, मग मीपण म्हणायचो." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. आम्हींही तेव्हां हंसून सोडून दिलें. त्याचें लक्ष होतें; आमचें नव्हतें, हें कळावयास आम्हांस त्या यंत्रापुढें बसावें लागलें.

जाणत्या माणसास अजाणत्याची अडचण कां दिसत नाहीं, याचा पाश्चात्त्यांनीं शोध घेतला आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत १९९० सालीं एलिझाबेथ न्यूटन या विदुषीनें एक साधा प्रयोग केला. कांहीं जणांनीं सर्वपरिचित गाण्यांचा ठेका मेजावर बोटांनीं वाजवावयाचा, व दुसऱ्यांनीं तें गाणें ओळखावयाचें. निम्मीं गाणीं तरी ओळखलीं जातील, असा वाजविणारांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत १२० गाण्यांपैकीं ओळखलीं गेलीं अवघीं ३. कारण उघड आहे. वाजविणाराच्या कानांत सबंध गाणें, सुरांसह, घुमत असतें. ऐकणारास मात्र केवळ टकटक ऐकूं येते. आम्हीं फळ्यावर भागाकार मांडीत असतां आमच्या कानांत गाणें वाजत होतें. त्या मुलास टकटक ऐकूं येत होती.

परंतु केवळ पाश्चात्त्यांकडेच बोट दाखवावें असें नाहीं. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा तंटा लागतो. निवाडा करणारी परिव्राजिका त्यांस वाद घालूं देत नाहीं. ती त्यांच्या शिष्यांचा प्रयोग पहावयास मागते. गणदासाची परीक्षा मालविकेच्या नृत्यावरून व्हावयाची असते. आम्हीं हें नाटक तरुणपणीं दोन वेळां वाचलें, त्यांतील समास सोडविले; पण परीक्षा शिष्याची नसून गुरूची आहे, हा त्या प्रसंगाचा अर्थ आमच्या पदरीं पडला नव्हता. शिष्य काय म्हणतो तें विचारूं नये, काय करतो तें पहावें, हेंच त्यांत सांगितलेलें आहे.

आणि याहून जवळचें उदाहरण तर आमच्या खानदेशांतच दगडावर कोरलेलें आहे. चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ चा तो शिलालेख प्रसिद्ध आहे. त्या भास्कराचार्यांची 'लीलावती' उघडून पहावी. नियम सांगून होतांच आचार्य शिष्यास संबोधून एक उदाहरण घालतात, आणि उत्तर 'सांग' म्हणतात. 'समजलें ना?' असें ते विचारीत बसत नाहींत. शिष्यानें उत्तर काढलें तर समजलें. न काढलें तर कोठें अडलें तें आपोआप दिसतें.

असो. आम्हांवरील प्रयोग पुरा झाल्यावर दुसरी परीक्षा धुळ्यास झाली. आमची भाची तेथें असते. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले. मुलगा शिकतो आहे. घरीं सासूबाई अंथरुणावर असल्यामुळें बाहेर नोकरीस जाणें शक्य नाहीं. शहरांतील लहान दुकानदारांस संकेतस्थळें करून द्यावीं, म्हणजे घरबसल्या चार पैसे मिळतील, या आशेनें तिनें आमच्या पुतण्याचे धडे सुरू केले होते. दूरध्वनीवर विचारलें कीं प्रत्येक वेळीं म्हणे, "छान आहेत, मामा. फार छान सांगतो तो." आतां 'छान' या शब्दावरचा आमचा विश्वास उडालेला होता. आम्हीं एस. टी. धरली, आणि एरंडोल, पारोळें करीत धुळें गांठलें.

जेवणें झाल्यावर आम्ही म्हटलें, "अगं, तूं केलेलं एखादं पान दाखव बरं."

ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, मी चौथ्या धड्यावरच थांबलें. दीड महिना झाला. तो रात्रीं जागून एवढं करतो, त्याला वाईट वाटेल म्हणून बोललें नाहीं. माझ्या डोक्यांतच शिरत नाहीं. आतां या वयांत मला नाहीं जमायचं."

वाचकहो, या वाक्यापाशीं थोडें थांबावें. धडा चुकीचा असेल, असें तिच्या मनांत एकदांही आलें नव्हतें. दोष आपलाच, असें तिनें धरून ठेविलें होतें. ज्या विद्येवर तिच्या चरितार्थाची आशा होती ती विद्या तिनें सोडून दिली होती, आणि तेंही आपल्या माणसाचा मान राखण्यासाठीं! आमच्या घराण्यांतून मुलींस व सुनांस वडिलधाऱ्यांपुढें 'नाहीं समजलें' म्हणावयास आम्हीं कधीं शिकविलें नाहीं. तसें म्हणणें म्हणजे उलट बोलणें, असाच संस्कार आहे. तेव्हां त्यांच्या मौनाचा अर्थ संमति असा करणारे आपण मोठे शहाणेच म्हणावयाचे.

आम्हीं तिला शेजारीं बसून धडा लावावयास सांगितलें, आणि पुतण्यानें आमच्या बाबतींत पाळला तो नियम आम्हीं पाळला : बोलावयाचें नाहीं. (एका शिक्षकास हें किती कठीण जातें हें दुसरा शिक्षकच जाणे.) अर्ध्या तासांत सर्व उलगडलें. मुलाचा संगणक रात्रींच मोकळा होई, म्हणून ती दिवसा स्वयंपाक करतां करतां मोबाइलवर धडा पाही. त्या एवढ्याशा पडद्यावर पुतण्याच्या खुणा मुंगीएवढ्या दिसत. तिसऱ्या मिनिटास धडा म्हणे, "इथं क्लिक करा." इथें म्हणजे कोठें? बाणाचें टोक तिला दिसतच नव्हतें. शिवाय तिनें लिहिलेला मराठी मजकूर पानावर भलत्याच चिन्हांच्या रूपानें उमटला होता. पानाच्या वरच्या भागांत यूटीएफ-८ हा लिपिसंकेत सांगणारी एक ओळ न लिहिल्यास देवनागरीचा कित्येकदां असा विचका होतो. पुतण्यानें ती ओळ चौथ्या धड्यांत लिहिली होती, परंतु ती कशासाठीं तें सांगितलें नव्हतें; म्हणून ती बिनकामाची समजून हिनें गाळली. "मला वाटलं माझा संगणकच मराठीला नको म्हणतोय," ती म्हणाली, आणि दीड महिन्यानें प्रथमच हंसली.

तिसऱ्या मिनिटाचें कोडें असें सुटलें. जळगांवास परत आल्यावर पुतण्यानें आणखी तिघांस बसविलें : आमची सूनबाई, शेजारचा नववींतला मुलगा, आणि आमचे एक सेवानिवृत्त स्नेही. माणसें पांचच कां, असें आम्हीं विचारलें. त्यावर त्यानें सांगितलें कीं जेकब नील्सन या तज्ज्ञानें २००० सालीं असा हिशेब मांडला आहे, कीं पांच जणांस एकेक करून बसवून पाहिलें तर वापरांतील सुमारें ८५ टक्के दोष हातीं येतात. पुढें तेच तेच दिसूं लागतात. आमच्या येथेंही तसेंच घडलें. कळफलकाची अडचण पांचांपैकीं तिघांस आली. शेवटच्या दोघांनीं नवें असें फारसें कांहीं सांगितलें नाहीं.

हा आपल्या घरचाच शोध, असा आमचा थोडा ताठा झाला होता. तो लवकरच उतरला. मुंबईच्या आयआयटींत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालीं 'स्पोकन ट्यूटोरियल' नांवाचा उपक्रम केंद्र सरकारच्या साहाय्यानें उभा राहिला आहे. त्यांत संगणकावरील विषयांचे सुमारें दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले जातात. तेथें धडा आधीं कागदावर शब्दशः लिहितात. विषयाचा जाणकार तो तपासतो; आणि त्याखेरीज त्या विषयांत अगदीं नवखा असलेल्या माणसाकडूनही तो तपासून घेतात. ध्वनिमुद्रण त्यानंतर. शिकणाराने अर्ध्या पडद्यावर धडा व अर्ध्या पडद्यावर आपलें काम ठेवून थांबत थांबत करीत जावें, अशी योजना असते. आणि शंका विचारावयाची ती कोणत्या मिनिटाच्या कोणत्या सेकंदास आली, हें नमूद करून. म्हणजे पंडिताच्या प्रमाणपत्राइतकेंच अडाण्याचें प्रमाणपत्र तेथें आवश्यक मानलें आहे. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली.

अडाणी हा शब्द आम्हीं हलक्या अर्थानें योजिलेला नाहीं. जळगांवच्या विद्यापीठास २०१८ सालीं ज्यांचें नांव दिलें गेलें त्या बहिणाबाई चौधरींस लिहितां-वाचतां येत नव्हतें. एखादी गोष्ट न येणें हा बुद्धीचा दोष नव्हे. ती केवळ एक जागा आहे, जेथें प्रत्येक शिकणारा एकदां उभा असतो. शिकविणारा तेथून पुढें जातो, आणि परतीची वाट विसरतो. ती वाट दाखविणारा माणूस तो नवखाच.

मात्र प्रत्येकाचा अभिप्राय शिरसावंद्य मानावा असेंही नाहीं. पुतण्यास कोणी लिही कीं धड्यामागें संगीत घाला. कोणी लिही कीं हळू बोला, आणि त्याखालींच दुसरा लिही कीं किती रेंगाळतां! सर्वांचें ऐकणाराचें शेवटीं इसापनीतींतल्या गाढववाल्याप्रमाणें होतें. आम्हीं त्यास एक कसोटी सुचविली. ज्यानें धडा नुसता पाहिला त्याचें मत ऐकावें व विसरावें. ज्यानें हातानें करून पाहिलें व तो अडला त्याचें मत लिहून ठेवावें. आणि एकाच जागीं दोघे अडले तर ती जागा त्याच रात्रीं दुरुस्त करावी. उपाय कोणता हें शिकणाराने सांगावें अशी अपेक्षा नसावी. दुखतें कोठें तें रोग्यानें सांगावें. औषध वैद्यानें द्यावें.

पुतण्यानें पहिले चार धडे नव्यानें मुद्रित केले. अक्षरें मोठीं केलीं. 'इथें' हा शब्द काढून टाकून प्रत्येक कळीचें व जागेचें नांव घेतलें. आरंभींच कळफलकाची सूचना घातली, आणि लिपिसंकेताच्या ओळीचें कारण सांगितलें. प्रत्येक धड्याच्या अंतीं आतां एक लहानसें काम असतें, आणि त्याबरोबर एक विनंति : "अडलांत तर कोणत्या मिनिटाला अडलांत तेवढं लिहा. चूक तुमची नसेल, धड्याची असेल." 'समजलं ना?' हा प्रश्न मात्र समूळ काढला. तो काढतांना त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं. त्याचा हा विनय आम्हांस समजला.

भाचीनें गेल्या महिन्यांत आपलें पहिलें पान पाठविलें. तें फार सुंदर झालें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मध्येंच एक खूण बंद करावयाची राहिल्यामुळें खालचा सर्व मजकूर मथळ्याएवढा मोठा झाला होता. आम्हीं ती चूक ओळखली, याचा आम्हांस इतका आनंद झाला कीं तो लपवितां आला नाहीं. तिनें दूरध्वनीवर विचारलें, "मामा, कसं झालंय?" 'छान' हा शब्द ओठांवर आला होता, तो आम्हीं मागें घेतला, आणि चूक कोठें आहे तें सांगितलें. क्षणभर शांतता, मग ती म्हणाली, "आलं लक्षांत. थांबा, ठेवूं नका, आत्तांच करतें." तिचा तो 'थांबा' आम्हांस कोणत्याही नमस्कारापेक्षां अधिक गोड वाटला.

त्या केळीवाल्या विद्यार्थ्यास आतां भागाकार शिकवावयाची वेळ राहिली नाहीं. परंतु संध्याकाळीं नात पाढे व हिशेब घेऊन आमच्यापाशीं बसते. परवां तिला त्रैराशिक सांगून झालें, आणि जुना प्रश्न पुन्हां जिभेवर आला. तो गिळून आम्ही म्हटलें, "आतां तूं मला शिकव." तिनें दोन ओळी मांडल्या, पेन्सिल थांबविली, आमच्याकडे पाहिलें, आणि न भितां म्हणाली, "आजोबा, इथून पुढं नाहीं समजलं."

३४ वर्षांच्या नोकरींत जें वाक्य आमच्या कानीं पडलें नव्हतें तें असें घरांत ऐकावयास मिळालें. आम्हीं पाटी पुसली व पुन्हां आरंभ केला.

वाचकांस एक प्रार्थना आहे. हा लेख 'छान' वाटला असें कळविण्याचे श्रम कोणी घेऊं नयेत. वाचतां वाचतां कोणत्या परिच्छेदापाशीं आपण अंक मिटून ठेवावासा वाटला, तेवढें कळवावें. पुढल्या खेपेस मीठ बेतानें घालूं.